गुरगुऱ्याच्या आतला माणूस

सलूनच्या खुर्चीत बसल्याबसल्याच शिडीकाकांना वाटलं, की आज इथे कुणीतरी गेल्यासारखी शांतता आहे. सलूनवाल्याने गळ्याभोवती कापड गुंडाळलं तेही नेहमीपेक्षा हळुवार. बाकावर पेपर चाळत बसलेल्या दोघांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा माना पेपरात घातल्या. दाढीला फेस लावून झाल्यावर सलूनवाल्याला अगदीच राहवेना.

"काका, वाईट वाटलं हो. असं करायला नको होतं त्यांनी तुमच्याशी."

काकांच्या तोंडाभोवती फेस. त्यांनी नुसत्या भुवया उंचावून काय झालं म्हणून विचारलं. मग एकेक कळत गेलं. 'तळघरातलं बिऱ्हाड' ही जुनी विनोदी मालिका नव्या रूपात परत आली होती आणि तिच्यातला गुरगुऱ्या आता खराखुरा राक्षस झाला होता. हसण्यासारखं औषधालाही काही नाही. पडद्यावर नुसता काळोख. बाकावरचा एकजण म्हणाला, की त्याच्या बायकोने अर्ध्यातच बंद करायला लावलं आणि नंतर घरभर दिवे लावून बसली. दुसरा म्हणाला, त्याच्या मुलाला मात्र ते फार आवडलं, आणि तेव्हापासून त्याला मुलाचीच काळजी लागून राहिली आहे. सलूनवाल्याने वस्तरा हवेतच धरून सांगितलं, की लहानपणी तो गुरगुऱ्या बघतच जेवायचा. कालचा भाग बघून त्याच्या घशाखाली घास उतरला नाही.

काकांनी स्वतः अजून काही पाहिलंच नव्हतं. पण इतकी माणसं इतक्या मनापासून सांत्वन करत होती, की तसं सांगायचा त्यांना धीर झाला नाही. ते गप्प राहिले, तर सलूनवाल्याला वाटलं दुःखाने गप्प आहेत, आणि त्याने दाढीचे पैसे घ्यायला साफ नकार दिला.

गुरगुऱ्या म्हणजे शिडीकाका, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. काका एके काळी फर्निचरच्या गोदामात हमाल होते. कुठल्याही दारातून वाकल्याशिवाय आत शिरता येत नाही इतकी उंची, आणि हात असे, की वरच्या फळीवरचा माल काढायला गोदामात कुणाला शिडी लागायची नाही. तिथेच त्यांचं शिडी हे नाव पडलं आणि वयाबरोबर त्याला काका चिकटलं.

पण गुरगुऱ्या व्हायच्या आधीचे दिवस फार बरे नव्हते. एवढं मोठं धूड समोरून आलं, की माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जात. लहान मुलं रडत. बायका पर्स काखेत दाबून धरत. लग्नानंतर घर भाड्याने घ्यायला गेले, तर मालकीणबाई त्यांच्या बायकोला बाजूला घेऊन विचारू लागली, की मारत वगैरे नाही ना. बायको चार फूट आणि वर थोडी, पण जीभ तिखट. ती म्हणाली, मारायचं झालं तर त्यांना आधी खाली बसावं लागतं, तोवर मी दोन घरं पलीकडे जाते. घर मिळालं. तरी काकांनी स्वतःला काही सवयी लावूनच घेतल्या. अनोळखी जागी गेलं, की मिळेल त्या खुर्चीत आधी बसून घ्यायचं. खांदे आत ओढायचे, मान आत घ्यायची, गुडघे जवळ. आवाज हळू. हसरा चेहरा. जगात आपण जागा जास्त व्यापतो, तर निदान उसनी घेतल्यासारखी व्यापावी, असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं होतं.

एकदा स्टुडिओत एक कपाट पोचवायचं होतं. बरोबरचा हमाल आजारी, म्हणून काकांनी ते एकट्यानेच पाठीवर घेतलं आणि जिना चढून वर नेलं. वर दिग्दर्शक कुणावर तरी ओरडत उभे होते, ते ओरडायचे थांबले. त्यांना एका विनोदी मालिकेसाठी राक्षस हवा होता आणि आतापर्यंत आलेले सगळे राक्षस त्या पोशाखाच्या वजनानेच कोलमडले होते. स्पंज, रबर आणि कसले तरी राठ केस यांचं ते कातडं होतं. मुंडकं वेगळं. डोळ्यांच्या जागी काचा, पण त्या काकांच्या कपाळावर यायच्या. दिसायचं ते राक्षसाच्या उघड्या जबड्यातून, तेही तुकडाभर जमीन. आवाजाला दुसरा माणूस. पडद्यामागे माइक धरून बसलेला, बुटका, गोलमटोल, पण खर्ज असा की खुर्च्या थरथराव्यात. काका आणि तो मिळून एक राक्षस व्हायचा. काका त्याला नावाने हाक मारतच नसत; "आवाज, चहा घेणार का?" असंच विचारत.

मालिकेतली गोष्ट साधी होती. एका इमारतीच्या तळघरात राक्षसाचं कुटुंब राहतं. गुरगुऱ्या रोज कुणाला तरी घाबरवायला वर जातो आणि दरवेळी त्याच माणसाचं काम करून परत येतो. दूधवाल्याला घाबरवायला गेला तर दुधाचे कॅन वाहून देतो. म्हाताऱ्या शिक्षिकेला घाबरवायला गेला तर ती त्याला पाढे म्हणायला बसवते. लोक पोट धरधरून हसायचे. मग एका वर्तमानपत्रात काकांचा फोटो आला, राक्षसाचं मुंडकं काखेत घेऊन घाम पुसतानाचा. दुसऱ्या दिवशी इमारतीतली पोरं दारात रांग लावून उभी. कुणाला खांद्यावर बसायचं होतं, कुणाला हात किती मोठा आहे ते बघायचं होतं. रस्ता ओलांडून पलीकडे जाणारी माणसं आता रस्ता ओलांडून अलीकडे यायला लागली. बेकरीवाला गरम पावाबरोबर एक बिस्किट जास्त टाकायचा. गुरगुऱ्याने काकांना दिलं ते हे. पैसे काही फार मिळाले नाहीत, आणि मालिका संपल्यावर ते मुकाट्याने गोदामात परत गेले. पण त्यांच्याकडे बघण्याची लोकांची नजर बदलली ती बदललीच.

म्हणून सलूनमधून परतताना जे झालं ते त्यांना लागलं. लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरची एक बाई आणि तिची लहान मुलगी होती. ती मुलगी रोज काकांना टाटा करायची. आज ती आईच्या मागे गेली आणि आईच्या ओढणीतून एका डोळ्याने बघत राहिली. आई अवघडून हसली. म्हणाली, काल आम्ही झोपलीय समजून टीव्ही लावला, तर ही मागे उभी. कुणीतरी तिला तो राक्षस म्हणजे वरचे काका असं सांगून ठेवलंय. काका म्हणाले, असू दे. आणि आपला मजला यायच्या आधीच उतरून उरलेले जिने चढून गेले.

घरी फोन वाजतच होता. मुलीचा. काकांची ही एकुलती एक मुलगी बस कंपनीत आरक्षणाच्या खिडकीवर बसायची. वय पन्नाशीकडे झुकलेलं, तरी काका तिला टिल्लूच म्हणत. आई गेल्यापासून ती दर रविवारी यायची आणि मधल्या दिवसांत फोनवरून त्यांच्या गोळ्यांची हजेरी घ्यायची. आज गोळ्यांचं नाव नाही. तिने मालिका पाहिली होती आणि पाहून झाल्याझाल्या तिथेच, जिथे प्रेक्षक आपापली मतं लिहितात, लांबलचक लिहून टाकलं होतं. आपण कोण ते सांगून. ज्या राक्षसाने आम्हाला हसवलं, त्याला तुम्ही खाटीक केलंत. त्या कातड्याच्या आत आता जो कोणी आहे, त्याला ना हृदय आहे ना लाज. असं आणि असं बरंच. हजारो लोकांनी ते उचलून धरलं होतं. खाली लोक आपल्या आठवणी लिहीत होते, रडत होते, शिव्या घालत होते. आणि विचारत होते, की तुमचे वडील काय म्हणतात? म्हणून रविवारी ती येणार होती, त्यांचं बोलणं फोनवर चित्रित करायला.

"तुम्ही फक्त मनातलं बोला, बाबा. बाकी मी बघते."

काका म्हणाले, आधी बघू तर दे.

मधल्या दिवसांत आवाजसुद्धा येऊन गेला. आता त्याचं पोट आणखी पुढे आणि केस पार मागे गेले होते, पण खर्ज तसाच. तो खुर्चीत बसलाच नाही. खोलीभर फेऱ्या मारत राहिला. त्याचं दुःख वेगळं होतं. नव्या गुरगुऱ्याला आवाजच दिला नव्हता. नुसता श्वास. आयुष्यभर घशाला जपलं, थंड पाणी प्यायलो नाही, आणि हे म्हणतात राक्षसाला बोलायची गरज नाही, असं म्हणून तो काकांच्या फ्रीजमधलं थंड पाणी घटाघटा प्यायला. काकांना हसू आवरेना. मग दोघंही हसले. जाताना तो म्हणाला, बोल तू रविवारी, चांगलं खरमरीत बोल, आपल्या दोघांच्या वतीने.

रविवारी दुपारी टिल्लू आली. चित्र इतकं अंधारं होतं, की खिडक्यांचे पडदे ओढल्याशिवाय काही दिसेना. दोघं सोफ्यावर बसले. सुरुवातीला ती सारखी बोलत होती. हे बघा, आता बघा, आता तर कहरच. काका काही म्हणेनात, तशी ती हळूहळू गप्प झाली.

तीच इमारत, तेच तळघर, पण भिंतींना ओल आलेली. एक लहान मुलगी जिन्यावरून गडगडत खाली येते आणि बेशुद्ध पडते. हा प्रसंग जुन्या मालिकेतही होता. तेव्हा गुरगुऱ्या तिला उचलायचा, ती डोळे उघडून किंचाळायची, तिच्याहून मोठ्याने गुरगुऱ्या किंचाळायचा, आणि दोघं दोन दिशांना पळायचे. आवाजचा हा सगळ्यात गाजलेला प्रसंग. नव्या मालिकेत गुरगुऱ्या अंधारातून येतो. बराच वेळ नुसता उभा राहतो. मग वाकून तिला उचलतो, दोन्ही तळव्यांवर, सांडेल असं काहीतरी उचलावं तसा. मुलगी डोळे उघडते आणि किंचाळते. तो तिला तसाच खाली ठेवतो. वरून माणसं काठ्या घेऊन धावत येतात. तो मागे मागे सरकत तळघरात जातो, दिवा विझवतो आणि कोपऱ्यात बसतो. गुडघे जवळ ओढतो. खांदे आत घेतो. मान आत. एवढं मोठं धूड जेवढं लहान होऊ शकेल तेवढं लहान होऊन बसतं. वर माणसांच्या पावलांचे आवाज.

टिल्लूने वडिलांकडे पाहिलं. त्यांना राग आलाय का, हे बघायला पाहिलं. काका सोफ्याच्या कडेला, गुडघे जवळ घेऊन, खांदे आत ओढून बसले होते. ते नेहमीच तसे बसायचे. जन्मापासून ती त्यांना तसंच बसलेलं बघत आली होती आणि आजवर तिच्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

भाग संपला. तिने उठून पडदे उघडले. काकांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, काम फार चांगलं केलंय.

ती चिडली. चिडणं साहजिक होतं. हजारो लोकांना तिने शब्द दिला होता. म्हणाली, तुमचं होतं नव्हतं ते सगळं घालवलं त्यांनी, आणि तुम्ही शाबासकी देताय. काका म्हणाले, माझं काय होतं त्यात? कातडं त्यांचं, खर्ज आवाजचा, माझा फक्त घाम. तेव्हा ती म्हणाली, की लहानपणी तुम्ही घरी यायचात तेव्हा मी झोपलेली असायचे. मला तुम्ही टीव्हीतच भेटायचात. तुम्ही मालिकेतल्या पोरांना खांद्यावर घ्यायचात तेव्हा मला वाटायचं, मलाच घेतलंय. आई म्हणायची, नाक लावू नकोस काचेला. तो माणूस मला कुणी बिघडवलेला चालणार नाही.

काकांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी तिला हात धरून शेजारी बसवलं. मग म्हणाले, "बिघडवलं नाही गं. आम्ही सगळी गंमत दाखवली, कारण लोकांना हसवायचं होतं. त्याने माझं भलंच झालं. पण पोर आपल्याकडे बघून किंचाळतं तेव्हा आत काय होतं, ते आम्ही नाही दाखवलं. ह्यांनी दाखवलं."

 जायच्या आधी टिल्लूने फोन समोर धरला आणि म्हणाली, बोला काय बोलायचं ते. काकांनी घसा साफ केला. जुना गुरगुऱ्या तुमच्या लक्षात राहिला, याबद्दल त्यांनी लोकांचे आभार मानले. मग म्हणाले, की नवीन जो कोणी आत आहे त्याला माझा निरोप द्या. मान फार सुरेख वापरतोस. मधे मधे पाणी पीत जा आणि मुंडकं काढल्यावर लगेच वाऱ्याला जाऊ नकोस. एवढंच.

तिने ते दोन दिवस तसंच ठेवलं. मग लोकांसमोर टाकलं. व्हायचं तेच झालं. काहींना भरून आलं, काही म्हणाले म्हाताऱ्याला पैसे चारले असतील. सलूनवाल्याने पुढच्या दाढीला पूर्ण पैसे घेतले आणि गप्पा हवापाण्याच्याच मारल्या. आवाज आठवडाभर फिरकला नाही.

त्याच आठवड्यात टिल्लूला एक निरोप आला. नव्या पोशाखाच्या आत असलेल्या माणसाचा. काकांना भेटायचं होतं. तिने फोन करून विचारलं, काय सांगू? काका म्हणाले, विचारतेस काय, बोलव.

रविवारी दार वाजलं. टिल्लूने दार उघडलं आणि वर बघतच राहिली. दारात तरुण मुलगी होती. चौकटीखालून वाकून आत आली आणि समोर दिसली त्या पहिल्या खुर्चीत पटकन बसली. पोशाखात बाई असेल हे काकांच्याही डोक्यात आलं नव्हतं. ती आधी खेळाडू होती. गुडघा दुखावला, खेळ सुटला, मग कुणीतरी या कामाला बोलावलं. करारात होतं म्हणून नाव कुठे छापलं नव्हतं, आणि लोकांची मतं वाचल्यावर तिने स्वतःहूनही कुणाला सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही. तिच्या आईने पहिला भाग पाहिला आणि शेजारी बसलेल्या हिलाच म्हणाली, या सोंगाच्या आत जो कोणी आहे ना, तो माणूस मुळातच वाईट असणार. हे सांगताना ती हसली. काका तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण हसू ओसरल्यावर ती हातातल्या रुमालाची घडी घालत बसली.

टिल्लू उभीच होती. म्हणाली, "ते हृदय नाही, लाज नाही, ते मी लिहिलं होतं."

"माहीत आहे," ती मुलगी म्हणाली. "पाठ झालंय मला."

टिल्लू स्वयंपाकघरात गेली. चहाला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला. बाहेर काका आणि ती मुलगी खांद्यांबद्दल बोलत होते. पोशाखाची शिवण कुठे काचते, घाम डोळ्यांत गेला की काय करायचं. तिने विचारलं, की बघताना तुम्हाला भीती वाटली का. काका म्हणाले, नाही. आत कुणीतरी बसलंय हे दिसत होतं. मग कसली भीती?

चहाचा ट्रे घेऊन टिल्लू बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. ती त्या मुलीसमोर बसली आणि म्हणाली, आतून गंजी घालतेस ना, ती उलटी घालत जा. शिवण बाहेरच्या बाजूला येते, मग खांदे सोलवटत नाहीत. माझी आई यांच्या गंज्या आदल्या दिवशीच उलट्या करून ठेवायची. मी लहान असताना मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा उलटी गंजी घालतात. त्या मुलीने कप खाली ठेवला आणि आता कुठे खुर्चीला पाठ टेकवून, पाय लांब करून बसली. तिचे पाय खोलीच्या पार मध्यापर्यंत आले. काकांनीही मग आपले पसरले. टिल्लूला ट्रे नेताना दोघांच्या पायांवरून उड्या मारत जावं लागलं.

त्या मुलीला सोडायला काका खाली गेले. फाटकापाशी मुलं चेंडू खेळत होती. त्यांनी खेळ थांबवला आणि तोंडं उघडी टाकून बघत राहिली. त्यातल्या एकीने धीर करून विचारलं, तुमच्यातलं जास्त उंच कोण? दोघं पाठीला पाठ लावून ताठ उभे राहिले. काकांना असं ताठ उभं राहून किती वर्षं झाली असतील कोण जाणे. पाठीची हाडं कडकड वाजली. पोरांनी भिंतीवर चढून निकाल दिला, की ताई बोटभर जास्त.

पुढे मालिका चालली. काही लोकांनी सोडली, काही नवे आले, आणि दोघांची भांडणं अजून चालू आहेत. सलूनमध्ये भिंतीवरच्या टीव्हीवर जुनेच भाग लागतात. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी काका दिसले, की अजून जिन्यानेच जाते. काकांनी तिच्या मागे लागायचं नाही असं ठरवलं आहे. आवाज रुसवा सोडून परत यायला लागला, पण मालिका बघत नाही. ती लागली, की गॅलरीत जाऊन उभा राहतो. त्या मुलीने अखेर आईला सांगितलं. आई आधी रागावली, आणि मग म्हणाली, तरीच मला तो कोपऱ्यात बसलेला बघून उगाच उठून पांघरूण घालावंसं वाटलं.

टिल्लू अजूनही दर रविवारी येते. तिला मालिका आवडत नाही ती नाहीच. काकांच्या शेजारी बसून तिची कुरकुर सुरू असते. एवढा काळोख कशाला, पार्श्वसंगीत किती कर्कश, त्या बाईला मरायची एवढी काय घाई होती. मग अंधारातून गुरगुऱ्या येतो. काका तिच्या गुडघ्यावर हात ठेवतात.

"हळू बोल," ते म्हणतात. "तिचं काम चाललंय."